मोठ्या टूरिंग मोटरसायकलची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे मोजा

गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता कट-कट करतो. चार्जर लावला की सुरू होते आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग नवी बॅटरी बसते, काही महिने बरे जातात आणि तक्रार परत येते. बॅटरी मेली हे खरं असतं, पण ती कशाने मेली हे कोणी मोजलेलं नसतं. म्हणून दुसरीही त्याच वाटेने जाते.

साडेतीनशे-चारशे किलोच्या टूरिंग गाडीत हा त्रास जास्त दिसतो, कारण तिचं इंजिन मोठं असतं आणि ते फिरवायला स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. त्यात घड्याळ, अलार्म, बिनकिल्लीची यंत्रणा, म्युझिक सिस्टिम, आधीच्या मालकाने लावलेले फॉग लॅम्प आणि यूएसबी सॉकेट अशी जागी राहणारी बरीच मंडळी असते. आणि अशी गाडी रोज चालतेच असं नाही. वापरलेली गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाचं वायरिंग तपासेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नका.

लागणारं सामान थोडंच आहे: १० अँपिअरची रेंज असलेला डिजिटल मल्टिमीटर, टर्मिनलला बसणारा पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर, बारीक सँडपेपर आणि दोन मगर-क्लिपा लावलेली एक वायर.

आधी आवाज ऐका

पटापट कट-कट आणि त्याबरोबर मिणमिणणारे दिवे, म्हणजे रिले (स्टार्टरला करंट जोडून देणारा विजेवर चालणारा स्विच) व्होल्टेजअभावी लागतोय आणि सुटतोय. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि दिवे फारसे मंदावले नाहीत, तर बहुधा बॅटरी ठीक आहे. रिलेचे आतले पॉइंट, जाड केबल किंवा स्टार्टर मोटर बघा. काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख, तर साइड स्टँड, क्लच, न्यूट्रल किंवा किल स्विचपैकी कोणीतरी अडवतंय. तो वेगळा विषय, बॅटरीला हात लावू नका.

आणखी एक लक्षण फसवतं. इंजिन कसंबसं सुरू होतं, पण एबीएसचा दिवा जात नाही किंवा घड्याळ शून्यावर येतं. सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं कोसळतं की कंट्रोल युनिट चूक नोंदवून बसतं. एबीएसच्या दुरुस्तीला गाडी देण्याआधी बॅटरी तपासून घ्या, पुष्कळदा दिवा तिथेच विझतो.

बॅटरी स्वतः जिवंत आहे का

गाडी बंद करून किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवा. नुकत्याच चाललेल्या किंवा चार्ज झालेल्या बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज असतं, ते तुम्हाला खोटा दिलासा देईल. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि टोकं थेट बॅटरीच्या खांबांवर टेकवा, केबलच्या रिंगवर नाही.

एजीएम बॅटरी (म्हणजे पाणी घालावं न लागणारी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) पूर्ण भरलेली असेल तर १२.८ व्होल्ट किंवा किंचित जास्त दिसतील. १२.५ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. अर्ध्याच्या खाली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा चालली तरी ती पहिल्यासारखी राहत नाही, याचं कारण हेच.

आता ती पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, केबल सोडवा आणि बारा तासांनी पुन्हा मोजा. केबल सुटलेली असतानाही आकडा १२.५च्या खाली आला तर बॅटरी संपली. कितीही चार्ज केलं तरी साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल गेला आहे. सहा सेलपैकी एक वजा झाला की नेमकं एवढंच उरतं.

आकडा चांगला टिकला तर केबल जोडून सेल्फ मारताना मोजा. मीटर खांबांवर धरून दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगा. १० व्होल्टच्या वर राहिलं तर छान. ९.६ ही काठावरची रेघ. उभ्या बॅटरीत १२.७ आणि सेल्फ मारताना ८, म्हणजे तिचा आतला रोध वाढलाय. अशी बॅटरी दिवे, हॉर्न, रेडिओ सगळं चालवेल, फक्त इंजिन फिरवणार नाही.

टर्मिनल आणि अर्थिंग

यावर वेळ कमी लागतो आणि निकाल पुष्कळदा इथेच लागतो. मोटरसायकलच्या बॅटरीत बोल्ट एका छोट्या चौकोनी नटात बसतो. व्हायब्रेशनने तो सैलावतो. केबल हाताने हलवून बघा. किंचितही फिरली तर सापडलं म्हणायचं.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. पॉझिटिव्हवर पाना असताना तो फ्रेमला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर तिथेच वेल्डिंग होतं. हा क्रम मोडू नका.

खांब आणि रिंगा चमकेपर्यंत घासा. स्टार्टरची जाड केबल थेट खांबावर बसली पाहिजे, ॲक्सेसरीजच्या बारीक रिंगा तिच्यावर. बरेच जण बारीक रिंगा खाली घालतात आणि मग स्टार्टरचा सगळा करंट त्या पातळ पत्र्यांतून जातो. नट खाली पडून बोल्टला सापडत नसेल तर त्याखाली फोमचा छोटा तुकडा ठेवा. शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात.

केबलच खराब आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी सेल्फ मारतानाच मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर: ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमजोर आहे. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टर मोटरचा बोल्ट असं मोजल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर केबल किंवा स्टार्टर रिले खातोय.

चार्जिंग होतंय का

बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, नाहीतर आकडे चुकीचे वाटतील. इंजिन गरम करा, हेडलाइट चालू ठेवा, मीटर बॅटरीवर. ४००० आरपीएमला १३.८ ते १४.६ व्होल्ट हवेत. १३.५च्या वर चढतच नसेल तर चार्जिंग अपुरं आहे. १५च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि तो बॅटरी शिजवतोय. फुगलेली किंवा हाताला चटका देणारी बॅटरी दिसली की गाडी चालवू नका.

मग सगळ्या ॲक्सेसरीज एकदम लावा: गरम होणाऱ्या ग्रिप, सीट, फॉग लॅम्प, जॅकेट. ३००० आरपीएमला व्होल्टेज १३.२च्या खाली घसरलं तर कुठलाच भाग बिघडलेला नसेलही. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे, इतकंच. गरम ग्रिपची जोडी ३० ते ४० वॅट घेते, गरम जॅकेट ७५ ते ९०, हॅलोजनच्या फॉग लॅम्पची जोडी ११०. गाडीचे स्वतःचे हेडलाइट, फ्युएल पंप, इग्निशन आणि रेडिएटरचा पंखा आधीच दोनशेच्या पुढे गेलेले असतात. आयडलिंगला तर जनरेटर त्याच्या कमाल ताकदीचा बराच छोटा भाग देतो. म्हणून गर्दीत तासभर रखडलेली गाडी घरी येते ती निघताना होती त्यापेक्षा कमी चार्ज घेऊन. हॅलोजन काढून एलईडी लावले की यातला मोठा वाटा सुटतो.

चार्जिंग सगळं बंद करूनही अपुरंच दिसलं तर स्टेटरकडे, म्हणजे जनरेटरच्या न फिरणाऱ्या कॉइलकडे, वळा. बहुतेक गाड्यांत स्टेटरमधून तीन एकाच रंगाच्या वायरी, बहुधा पिवळ्या, निघून रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जातात (तो स्टेटरच्या एसीचा डीसी करतो आणि व्होल्टेज आवरतो). मध्ये असलेला प्लग आधी उघडा. तपकिरी पडलेलं, वितळलेलं प्लास्टिक ही फार जुनी ओळखीची जागा आहे: पिन ढिली पडते, रोध वाढतो, उष्णता होते, त्याने पिन आणखी ढिली पडते. जळका प्लग दिसला तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका; नवा रेग्युलेटर जुन्या जळक्या प्लगवर लावणं म्हणजे तोही घालवणं.

प्लग सुटलेला असताना तिन्ही वायरींमध्ये दोन-दोन करून रोध मोजा. एक ओहमच्या आत आणि तिन्ही वेळा सारखा यायला हवा. मीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका. मग प्रत्येक वायर ते इंजिनचा धातू: इथे जोड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर वाइंडिंगचं आवरण जळालंय, स्टेटर बदलावा लागेल. शेवटी मीटर एसीवर घेऊन इंजिन सुरू करा. तिन्ही जोड्यांवर व्होल्टेज आरपीएमबरोबर चढलं पाहिजे आणि तिन्हीकडे सारखं असलं पाहिजे. ५००० आरपीएमला पन्नासच्या वर एसी व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा उघड्या पिनांना बोट लावू नका. स्टेटर ठीक आणि बॅटरीवर चार्जिंग नाही, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा त्याच्यापुढची वायर.

काही मोठ्या टूरिंग गाड्यांत कारसारखा वेगळा अल्टरनेटर असतो आणि रेग्युलेटर त्याच्या आतच. तिथे या तीन वायरींचा शोध घेऊ नका, बॅटरीवरचं व्होल्टेज आणि अल्टरनेटरच्या जाड वायरचा जोड एवढंच घरी तपासता येतं.

चोरटा करंट: खरा गुन्हेगार बहुधा इथे सापडतो

बॅटरी चांगली, टर्मिनल घट्ट, चार्जिंग १४.२, आणि तरीही उभ्या गाडीत उतरते. मग गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. आधी हिशोब बघा, कारण त्याशिवाय किती करंट जास्त हे कळत नाही.

समजा बॅटरी २० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे एक अँपिअर साधारण वीस तास पुरेल एवढा तिचा साठा. बंद गाडी ५ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.१२ अँपिअर-तास जातात. बॅटरी अर्धी व्हायला ऐंशीच्या वर दिवस. २० मिलिअँपिअर, म्हणजे अलार्म असलेल्या गाडीत सहज दिसणारा आकडा: दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास, तीन आठवड्यांत अर्धी. ५० मिलिअँपिअर असेल तर आठ दिवसांत अर्धी. शिवाय बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरत असते, उन्हाळ्यात जास्त. तुमची गाडी जितके दिवस उभी राहते त्याच्याशी हा आकडा ताडून बघा. रोज चालणाऱ्या गाडीला ३० मिलिअँपिअर काहीच नाही. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला तेवढे पुरे.

मोजायची पद्धत अशी. किल्ली काढा, बिनकिल्लीची गाडी असेल तर फॉब (खिशात ठेवायचा रिमोट) चार-पाच मीटर लांब नेऊन ठेवा. काही गाड्यांत तो जवळ असला की कंट्रोल युनिट झोपत नाही. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मिलिअँपिअरच्या नाही. मगर-क्लिपांच्या वायरने बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि निगेटिव्ह केबल जोडा, मग केबलचा बोल्ट काढा. अशाने गाडीचा पुरवठा एक क्षणही तुटत नाही. आता मीटरचं एक टोक खांबाला, दुसरं केबलला लावा. दहा ते वीस मिनिटं थांबा, सगळी युनिट झोपू द्या आणि मग मगर-क्लिपांची वायर सोडवा. आता सगळा करंट मीटरमधून जातोय. आकडा अगदी लहान दिसला तर क्लिपा पुन्हा लावा, मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर घ्या आणि क्लिपा सोडवा.

क्लिपांचा हा खटाटोप कशासाठी? केबल काढून नुसता मीटर लावला की सगळी युनिट एकदम जागी होतात, काही सेकंद मोठा करंट ओढतात आणि मीटरचा बारीक फ्यूज उडतो. त्यापुढे मीटर शून्य दाखवतो आणि तुम्ही समजता गाडी निर्दोष आहे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, सेल्फला तर चुकूनही हात लावू नका.

आकडा जास्त आला? आधी बॅटरीला थेट जोडलेल्या ॲक्सेसरीजच्या बारीक रिंगा एकेक करून सोडवा आणि आकडा पडतो का बघा. मोबाइल न लावलेलं यूएसबी सॉकेटही आतल्या सर्किटसाठी करंट घेत राहतं. व्होल्टमीटरचा चकाकणारा आकडा असेल तर आणखी. जीपीएस ट्रॅकर सिग्नल शोधत बसला की जास्त खातो. मग फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढा, प्रत्येकानंतर अर्धा मिनिट थांबा. ज्या फ्यूजनंतर आकडा कोसळेल, त्या सर्किटमध्ये शोध.

सगळे फ्यूज काढले आणि करंट तसाच आहे, असंही होतं. मग रेग्युलेटर-रेक्टिफायरचा बॅटरीकडचा प्लग सोडवा. त्याच्या आतले डायोड गळायला लागले की बॅटरीतला करंट उलटा स्टेटरमधून वाहतो. प्लग सुटताच आकडा शून्याकडे गेला, तर तोच बदलायचा. अशा रेग्युलेटरचं चार्जिंग कधीकधी ठीकठाक दिसतं, म्हणून तो नजरेतून सुटतो.

एक अगदी साधी गोष्टही बघा. काही गाड्यांत हँडल लॉकच्या पुढे पार्किंग दिव्याची जागा असते. किल्ली चुकून तिथपर्यंत फिरली की पुढचा आणि मागचा दिवा चालू राहतो. ५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ०.८ अँपिअर, दहा तासांत आठ अँपिअर-तास. सकाळी गाडी उठत नाही आणि मोजायला जाल तेव्हा काहीच सापडत नाही, कारण किल्ली तोवर काढलेली असते.

ॲक्सेसरीज लावायच्या कशा

थेट बॅटरीला लावलेलं यूएसबी सॉकेट कायम जागं. त्याऐवजी चार पिनांचा साधा रिले वापरा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर, तिच्यात बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज, आणि ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर. ८७ वरून ॲक्सेसरीला. ८५ अर्थिंगला. ८६ ला किल्लीबरोबर चालू होणारा करंट, उदाहरणार्थ नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरवरून. रिलेची कॉइल दीडशे-दोनशे मिलिअँपिअरच घेते, त्यामुळे त्या वायरीवर ताण येत नाही. फ्यूज वायरीच्या जाडीला शोभेल असा हवा. १२० वॅटच्या दिव्यांना १० अँपिअर लागतात, तिथे १५चा फ्यूज आणि त्याला झेपणारी वायर.

कॅन बस (कंट्रोल युनिटांना एकमेकांशी जोडणारं डिजिटल वायरिंग) असलेल्या गाडीत दिव्यांच्या वायरीत असं घुसू नका. कंट्रोल युनिटला तो करंट जाणवतो आणि ते चूक दाखवतं किंवा दिवा बंद करतं. तिथे कंपनीने दिलेला ॲक्सेसरी प्लग वापरा. अशा काही गाड्यांत सॉकेट थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, म्हणून सॉकेटमधून लावलेला साधा चार्जर बॅटरीपर्यंत पोचतच नाही. चार्जरची कायमची शेपटी थेट बॅटरीला, फ्यूजसह, लावून ठेवलेली बरी.

छोट्या फेऱ्या, उभी गाडी आणि चार्जर

‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जागेवर सुरू ठेवतो’ हा उपाय खूप जण करतात. त्याने फायदा होत नाही, तोटा होतो. सेल्फ मारण्यात फार काही जात नाही: १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-तासापेक्षा कमी. पण आयडलिंगला दिवे आणि पंखा मिळून जनरेटरचं सगळं खाऊन टाकतात, वर अर्धवट गरम झालेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. शिवाय अर्धी उतरलेली बॅटरी पटकन भरत नाही. शेवटचा वीस टक्के भाग भरायला तासन्‌तास लागतात. चालवायची तर अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, नाहीतर सुरूच करू नका आणि चार्जर लावा.

चार्जर हवा तो स्वतः थांबणारा, एजीएम मोड असलेला, बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याएवढा: २० अँपिअर-तासांना दोन अँपिअर किंवा कमी. प्लेटांवरचं सल्फेट सोडवायचा डीसल्फेशन मोड १५ व्होल्टच्या वरचे धक्के देतो. तो वापरायचा तर बॅटरी गाडीपासून सोडवूनच.

आधीच्या मालकाने लिथियम बॅटरी बसवली असेल तर वरचे सगळे व्होल्टेजचे आकडे बदलतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३.३च्या आसपास उभी राहते, १२.८ दिसले म्हणजे ती जवळपास रिकामी. तिच्यावर छापलेले ‘समतुल्य’ अँपिअर-तास सेल्फच्या ताकदीचे असतात, साठ्याचे नाहीत. खरा साठा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही असू शकतो, त्यामुळे चोरटा करंट तिला फार लवकर संपवतो. लांब उभी राहणारी, अलार्मवाली टूरिंग गाडी असेल तर एजीएमच घ्या, वाचलेले दोन-तीन किलो या वजनात जाणवणारही नाहीत.

वाटेत बंद पडली तर

धक्का मारून सुरू करायचा विचार सोडून द्या. चारशे किलो ढकलताना पाय घसरला तर गाडी अंगावर येते, आणि बॅटरी पार उतरली असेल तर फ्युएल पंप आणि इंजेक्शनलाच करंट नाही, चाकं कितीही फिरली तरी इंजिन पेटणार नाही.

एखाद्या कारच्या बॅटरीवरून जंपर केबल लावताना कारचं इंजिन बंद ठेवा. लाल क्लिप आधी तुमच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग कारच्या पॉझिटिव्हला. काळी कारच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि उतरलेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. दोन मिनिटं थांबून सेल्फ मारा. सुरू झाली की बरोबर उलट्या क्रमाने काढा. लिथियम बॅटरी संरक्षणासाठी स्वतःच बंद झाली असेल तर तिला जंपर लावू नका, तिच्यासाठीचाच चार्जर लागतो.

पोचल्यावर बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवा, रस्त्यावरच्या धावण्यावर सोडून देऊ नका. नवीच आणायची वेळ आली असेल, तर तीही बसवण्याआधी पूर्ण चार्ज करा आणि बसवल्या दिवशीच क्लिपांच्या पद्धतीने बंद गाडीचा करंट मोजून आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या वेळी नवी ॲक्सेसरी लावाल तेव्हा पुन्हा मोजा. किती वाढला ते लगेच दिसेल.